जाताना विमान, येताना रेल्वे

"ठेवायचं का मोडायचं, तू सांग," पप्पा म्हणाले आणि त्यांनी ते कार्ड माझ्या ताटासमोर मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं.

काळं क्रेडिट कार्ड, त्यावर सोनेरी विमान. पप्पा ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाकिटात ठेवायचे. अख्खा जन्म खऱ्या सोन्यात हात घालणारा माणूस त्या सोनेरी रंगाला असा जपायचा, ते बघून माझं डोकं फिरायचं.

"तिला काय विचारताय?" आई भाकरी थापत थापत बोलली. "ती शाळा सोडून बसलीय."

"म्हणूनच विचारतोय. बँकेतल्या शिकलेल्या पोरानंच गळ्यात मारलं की हे माझ्या."

सोळा वर्षांची होते मी तेव्हा. नववीत एका सरांनी भर वर्गात म्हटलं की ह्या पोरीच्या दप्तराला ॲसिडचा वास येतो, मी कंपासपेटी फेकून मारली. माफी माग म्हणाले. नाही मागितली. तेव्हापासून शाळा बंद. पप्पा एका शब्दानं बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काउंटरवर बसवलं. मला तमिळ येतं, आणि भांडायचं असलं की जास्त चांगलं येतं, त्यामुळं गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करायला बिचकायचं.

धंदा आमचा गलाईचा. मोडीचे दागिने, सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरासुद्धा भट्टीत घालायचा, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकायचा आणि त्यातनं चोख सोनं काढायचं. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं ह्याच धंद्यावर देशभर पांगलीयत. पप्पा मिसरूड फुटायच्या आधी कोईमतूरला आले ते तिथंच राहिले. खाली दुकान, वर आम्ही. भट्टी पेटली की धूर जिन्यानं सरळ स्वयंपाकघरात यायचा. पप्पांना खोकला कायमचा. आईला भट्टीवर धूर ओढणारा मोठा पंखा बसवून पाहिजे होता, आणि त्या पंख्याची किंमत कार्डाच्या वर्षाच्या फीपेक्षा थोडीच जास्त होती. फी दहा हजार आणि वर टॅक्स. घरात महिनाभर तेच चाललेलं, पंखा का कार्ड.

त्या दिवशी अमावस्या होती. इथल्या लोकांना अमावस्या चांगली, आम्हाला वाईट, म्हणून सगळी गल्ली चालू आणि आमचं एकट्याचं दुकान बंद. सकाळीच बँकेतल्या बाईचा फोन येऊन गेलेला. संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर फी आपोआप कापली जाईल.

"बरं," मी म्हटलं. "मोडायच्या आधी कस लावून बघू. फायदा काय काय झाला ते सांगा."

पप्पांनी मांडी बदलली. तेजाबानं पिवळं पडलेलं बोट वर केलं. "एक, पॉइंट मिळाले."

"कशावर?"

"खरेदीवर."

"सोन्यावर मिळतात?"

ते ताटात बघायला लागले. बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, सोन्याच्या खरेदीवर पॉइंट नाहीत. आम्ही दुसरं घेतो काय? मग पप्पांनी काय केलं, तर गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना सांगून ठेवलं, काय घ्यायचं असलं तर माझ्या कार्डावर घ्या, पैसे मला रोख द्या. अंकुशमामांचा फ्रीज आमच्या कार्डावर. देशमाने काकूंचं वॉशिंग मशीन आमच्या कार्डावर. जोतिबाच्या मंडळाचा मांडवसुद्धा.

"दुनियेचा संसार आपल्या कार्डावर थाटलाय," आई म्हणाली, "आन आपण धूर खातोय."

"पॉइंटचं काय झालं पण?" पप्पांनी दुसरं बोट वर केलं. "विमानानं गेलो का न्हाई गावाला? फुकट?"

"जाताना. येताना रेल्वेनं आलो. दोन्ही वेळा."

"येताना कसली घाई असतीय?"

"तिसरं?"

तिसऱ्या बोटाला पप्पांचा चेहरा उजळला. "विमानतळावरचं लाउंज. मऊ खुर्च्या, एसी, पाहिजे तेवढं जेवण. बाहेर तेच खायचं म्हटलं तर बघ किती पडतंय."

"बरोबर. ते धरलं तर फी निम्मी वसूल होते," मी म्हटलं. "मग किती वेळा जेवलो आपण तिथं?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी आईनं उलटली नाही.

"कुठलं जेवण गं," ती म्हणाली. "मंगलआत्या गेली तेव्हा गेलो. शामूतात्या गेला तेव्हा गेलो. मातीला निघालेलं माणूस वाटेत जेवतंय व्हय?"

विमान बदलताना बसलेलं ते हैदराबादचं लाउंज मला आठवलं. आम्ही तिघं मऊ खुर्च्यांत, समोर वाफाळणारी इडली, सांबार, गुलाबजामचं हे एवढं भांडं. अग्नी दिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, म्हणून पाण्याचे ग्लास घेऊन बसलेलो. टाय लावलेला एक पोरगा दोनदा येऊन विचारून गेला, सर, जेवण आवडलं नाही का? पप्पा म्हणाले, नाही, पोट भरलंय. आणि मी भुकेनं कळवळून त्या गुलाबजामांकडं बघत होते आणि मेलेल्या आत्यावर चिडले होते.

"म्हणजे हिशेब असा आहे," मी म्हटलं. "वर्षातनं तीनदा गावाला गेलो तर कार्ड परवडतं. दोनदा गेलो तर तोटा."

"तीनदा हुईल की ह्या साली," पप्पा सहज बोलून गेले.

"कशासाठी?"

त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

"कशासाठी, पप्पा? लग्नं तर आपल्यात कुणाची नाहीत. यात्रेला तुम्ही येत नाही, सिझन असतो. राहिलंय कोण गावाकडं?" मला थांबता आलं नाही. तेव्हा यायचंच नाही. "आबाच ना? तुम्ही तुमच्या बापाच्या मरणाची फी भरताय. ॲडव्हान्स."

"हर्षे!" आई ओरडली.

पप्पांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ताटातच हात धुतले, कार्ड उचललं, पिशवीत गुंडाळलं आणि जिना उतरून खाली गेले. अर्धी भाकरी तशीच.

आई परातीतलं पीठ बोटांनी खरवडत बसली. मग म्हणाली, "आज्जीच्या वेळंला तू हुतीस की. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस की."

बघितलं होतं. तेव्हा कार्ड नव्हतं. आज्जी गेल्याचा फोन आला तसे आम्ही मिळेल त्या गाडीत घुसलो, सोलापूरला उतरलो, तिथनं एसटी. गावात पोचलो तेव्हा तिसरा दिवस लागलेला आणि माणसं राख सावडायला निघालेली. पप्पा घरीसुद्धा गेले नाहीत. पिशवी खांद्याला तशीच, सरळ ओढ्याकडं. पप्पांचे धाकटे भाऊ, बापूकाका, वाकून राखेवर पाणी शिंपडत होते. पप्पांनी एवढंच विचारलं, "थांबला का न्हाईसा?"

काका म्हणाले, "उन्हाळा हाय दादा. किती थांबायचं?"

पप्पांनी राखेत हात घातला. अस्थी हुडकणाऱ्या माणसासारखा नाही, कचऱ्यातनं सोन्याचा कण शोधतात तसा. बोटांनी चाळून, फुंकून. माणसांनी धरून बाजूला घेतलं. दिवस घालून आम्ही परत आलो, आणि बँकेतला तो पोरगा फॉर्म घेऊन दुकानात आला तेव्हा पप्पांनी फी किती म्हणूनही विचारलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, "ह्याच्यावर त्याच दिवशी पोचतं का माणूस?"

मी खाली गेले. अमावस्या असून भट्टी पेटवलेली. त्यात सोनं आटवायची मूस ठेवलेली, लालभडक झालेली, आणि मुशीत काहीच नव्हतं.

"काय आटवताय?"

"कायबी न्हाई. बसलोय." ते खोकले. "तू म्हणतीस ते खरं हाय."

असं कुणी म्हटलं की माझा राग कुठं ठेवायचा तेच मला कळत नाही. मी खुर्ची ओढून बसले. "आबांना फोन लावू?"

"काय बोलणार?"

"विचारते. कधी मरणारायत."

पप्पांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. खूप वेळ वाजला. मग आबांचा आवाज आला, धापा टाकत.

"कोण गेलं?"

"कुणी नाही आबा. हर्षदा बोलतेय. उगाच लावला."

"उगाच कोण लावतंय दुपारचं? खरं सांग, कोण गेलं?"

"अहो सगळी जिवंत आहेत. पप्पा इथंच बसलेत. आबा, तुम्ही इकडं येता का?"

"कुठं?"

"आमच्याकडं. कोईमतूरला. विमानानं."

तिकडं शेळी ओरडली. कुणीतरी बादली ठेवली.

"आन बंगल्याला कोण?" शेवटी आबा म्हणाले.

"बंगला कुठं पळून चाललाय?"

"तसं न्हवं. तुझ्या बापानं बांधलाय, मार्बल घातलाय. मी खालच्या एका खोलीत असतोय, पर रोज एकेक खोली उघडतोय, झाडतोय, कुलूप लावतोय."

"कुणासाठी झाडताय?"

"ते तुझ्या बापाला इचार."

पप्पांनी चिमट्यानं मूस उचलली आणि उगाचच दुसऱ्या जागी ठेवली.

"येणार का नाही ते सांगा," मी म्हटलं.

"इमानात पान खाऊ देत्यात?"

"नाही."

"मग कशाला यिऊ?"

"वाटेत एका ठिकाणी जेवण आहे. फुकट. पाहिजे तेवढं."

"फुकट कोण देतंय? कुणीतरी पैसं भरलं असत्याल त्याचं."

पप्पा फोनकडं वाकले. "मी भरल्यात, आबा."

"कोण, सर्ज्या? भरल्यास?"

"व्हय. भरल्यात."

"मग जेवाय पायजे," आबा म्हणाले.

मी मोबाइलवर पॉइंट बघितले. दोन तिकिटांपुरते होते, तेही एकाच बाजूचे. आणि कार्ड मोडलं की पॉइंटही मातीत. संध्याकाळी बँकेच्या बाईचा फोन आला, तेव्हा मीच घेतला आणि ठेवायचं म्हणून सांगितलं. आईनं पंख्याचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "आन परतीचं?"

"परतीचं मग बघू," पप्पा म्हणाले.

पप्पा एकटेच रेल्वेनं गेले. दुकान माझ्यावर आणि आईवर. गावात एसटीतनं उतरल्या उतरल्या पारावरची माणसं उठून उभी राहिली म्हणे, आणि एकानं सरळ डोक्याची टोपी काढून विचारलं, "सर्जेराव, कोण गेलं?" पप्पांना त्यांची समजूत घालायला अख्खा चहा संपवावा लागला. बापूकाका वेगळेच पेटलेले. मला फोन करून म्हणाले, "हे तुझं डोकं दिसतंय. म्हाताऱ्या माणसाला परमुलखात न्हेऊन काय करणार? आम्ही हितं बघत न्हाई व्हय त्याला?"

"तुम्ही बघताय म्हणून तर ते आहेत काका," मी म्हटलं. "आता थोडं आम्ही बघतो."

"बघा. शहाणी झालीस लई."

विमानतळावर मी गेले होते आणायला. आबा बाहेर आले ते ढकलगाडीच्या खुर्चीत बसून, डोक्याला फेटा, मांडीवर कापडी पिशवी, मागं युनिफॉर्ममधली पोरगी ढकलत असलेली, आणि तोंड हे असं फुगलेलं.

"काय झालं?"

"अडकित्ता काढून घेतला," पप्पा म्हणाले. "कोल्हापुरात. मशीनमधे दिसला त्यांना."

"माझ्या बापाचा हुता!" आबा माझ्यावरच डाफरले. "त्या पोराला म्हटलं, अरं ह्यानं सुपारी कातरती, इमान न्हाई. तर हसतंय."

"आणि जेवलात का?"

आबांचं तोंड जरा सैल झालं. "जेवलो. सर्ज्या म्हणला पैसं भरल्यात, मग सोडतोय व्हय? इडली खाल्ली. पुरी खाल्ली. ते गोल गोल पाकातलं, ते चार. ह्यानं बी खाल्लं. दोन दिसाच्या उपाशी माणसागत खाल्लं ह्यानं." ते खुर्चीतनं वळून पप्पांकडं बघायला लागले. "टाय घातलेलं एक पोरगं आलं, आवडलं का म्हणून इचारलं. म्हटलं, लेका, मीठ कमी हाय."

पप्पा सामान उचलायला वाकले ते उगाचच जरा जास्त वेळ वाकून राहिले.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले दुकान दाखव. जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत खाली उतरले. त्यांना वाटलं असणार सराफी पेढी असेल, गादी-तक्के असतील. खाली काळ्या भिंती, तेजाबाचे डबे, भट्टी आणि एक खुर्ची. आबा त्या खुर्चीत बसले. पप्पांनी तेजाब ओतलं तसा पिवळा धूर उठला आणि आबा असे खोकायला लागले की मी धावत पाणी आणलं. पप्पांना काही नाही. सवयीनं मान एका बाजूला केली आणि काम चालू.

"सर्ज्या," आबा म्हणाले. "हात बघू."

"कामात हाय आबा."

"बघू म्हटलं."

पप्पांनी हात पुढं केला. आबांनी एकेक बोट धरून बघितलं. पिवळी कातडी, झिजलेली नखं, अंगठ्याचा ठसा तर गेलेलाच, आधारच्या मशीनला पप्पांचं बोट लागायचं नाही. आबा बराच वेळ ते बोट चोळत राहिले, डाग निघतोय का बघतात तसे.

"आन मी मार्बल पुसतोय तिकडं," ते म्हणाले.

मग माझ्याकडं वळले. "हितं धूर ओढाय काय नसतंय का?"

"असतं. पंखा."

"मग?"

मी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी माझ्याकडं. आईनं महिनोन् महिने सांगून झालं नव्हतं ते आठवड्यात झालं. गल्लीत पहिल्यांदा आमच्या भट्टीवर पंखा बसला. आई वरून म्हणाली, "बापानं सांगितलं की कळतंय माणसाला."

आबा राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ, म्हणत राहिले. परतीचं तिकीट काढायचं कुणी नाव काढायचं नाही. पप्पांनी नवीन अडकित्ता आणला, आबांनी त्याला नावं ठेवली आणि रोज वापरला. सकाळी काउंटरवर माझ्याशेजारी बसायचे, तमिळ गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचे, आणि गिऱ्हाईक तमिळमध्ये उत्तर द्यायचं, आणि दोघांचं बरं चालायचं. मी कुणावर भडकले की काठी आपटून म्हणायचे, "हळू गं. माणूस हाय, बैल न्हवं." संध्याकाळी बापूकाकांचा फोन यायचा. आबा विचारायचे, शेळी व्याली का, खोल्या झाडल्यास का. काका विचारायचे, कधी येतोस. आबा म्हणायचे, यितो की.

पंगुनी महिन्यात, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्रात, इथं देवीचा उत्सव असतो, गल्लीत ढोल वाजत होते, त्या दुपारी आबा जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. म्हणजे एकदा उठले. पप्पा वर पाणी प्यायला आलेले, आबांनी त्यांना हाक मारली, पप्पा जाऊन शेजारी बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. मी दारात होते, आणि ढोलांमुळं ऐकू आलं नाही. पप्पांनी आबांचा हात हातात धरलेला, आणि तो हात तसाच धरून ते कितीतरी वेळ बसून राहिले. मग मला दिसलं की आता ते एकटेच बसलेत.

काकांना मी फोन केला. मी "काका" एवढंच म्हटलं.

"कोण गेलं?" काका म्हणाले. आणि मग लगेच, "न्हाई न्हाई न्हाई."

त्या दिवशी कोल्हापूरहून विमान नव्हतं. पुण्यातनं होतं, पण काका पुण्याला पोचेपर्यंत ते सुटणार होतं. ते सोलापूरला गेले आणि रेल्वेत बसले. पप्पा म्हणाले, आपण थांबू, बापू येऊ दे. बर्फ आणला. गल्लीतली माणसं जमली, अंकुशमामा, देशमाने काका, सगळी गलाईवाली. रात्र गेली. सकाळी ऊन चढलं तसे एकेकजण पप्पांना बाजूला घेऊन काहीतरी सांगायला लागले. पप्पा मान हलवत राहिले. दुपारी अंकुशमामा म्हणाले, "सर्जेराव, उन्हाळा हाय. किती थांबायचं?"

पप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की अंकुशमामा दोन पावलं मागं सरले.

मग पप्पा उठले आणि म्हणाले, "चला."

काका आले ते राख सावडायच्या सकाळी. अंगात चुरगळलेला सदरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. घरी आले नाहीत. रिक्षावाल्याला पत्ता कळेना म्हणून मला फोन केला, मी तमिळमधे सांगितला, तिथनं सरळ स्मशानात आले. पप्पा तिथं उभे होते.

"थांबला का न्हाईसा?" काका म्हणाले.

पप्पांनी काकांच्या खांद्याची पिशवी काढून घेतली, स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि त्यांचा हात धरून राखेपाशी नेलं. दोघंही वाकले. काकांनी राखेत हात घातला. कुणी त्यांना बाजूला घेतलं नाही. पप्पाच उठून माणसांच्या आणि त्यांच्या मधे उभे राहिले होते.

अस्थी गावच्या ओढ्यात सोडायच्या होत्या. बंगला उघडायचा होता, दिवस तिथंच घालायचे होते. देशमाने काका म्हणाले, कार्डावर काढा की विमानाचं, चौघं जाल. पप्पा म्हणाले, "आता कसली घाई?"

निघायच्या सकाळीच बँकेच्या बाईचा फोन आला. वर्ष झालं होतं. पप्पांनी फोन माझ्याकडं दिला आणि कलशाला फडकं बांधायला घेतलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

"बंद करा," मी म्हटलं.

बाई म्हणाली, गेल्या वर्षापेक्षा ह्या वर्षी फायदे जास्त आहेत, लाउंजही वाढलीत. काही तक्रार होती का?

"नाही," मी म्हटलं. "मीठ जरा कमी होतं."

तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं लिहून घेतलं.

गाडीत आम्ही चौघं, आणि काकांच्या मांडीवर कलश. आईनं दशम्या बांधून घेतल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या, काकांनीसुद्धा. अग्नी देऊन झाला होता. पप्पा बोलता बोलता बसल्या जागी झोपले, त्यांची मान कलली आणि काकांच्या खांद्यावर टेकली. काकांनी खांदा हलवला नाही. एका हातानं कलश धरलेला, दुसऱ्या हातानं पप्पांचं ते पिवळं बोट उलटसुलट करून बघत होते.

पुढं कुठंतरी उघड्या माळावर गाडी थांबली. स्टेशन नव्हतं, सिग्नल नव्हता. पलीकडच्या डब्यातली माणसं दारात येऊन वाकून बघायला लागली, किती वेळ म्हणून एकमेकांना विचारायला लागली. आमच्यातलं कुणीच उठलं नाही.